फॉस्फोफायलाइट: फॉस्फेटिंगच्या टाकीत भेटलेलं एक दुर्मीळ खनिज

तापीकाठ (धागाकर्ता)

जळगावच्या एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. कपाटं, पॅनल, मोटारपंपाच्या स्टार्टरच्या पेट्या असा माल येतो. रंगाआधी प्रत्येक नग टाक्यांतून बुडवून काढावा लागतो. आधी तेल काढायची टाकी, मग गंज काढायची, मध्ये धुवायच्या, आणि शेवटाकडे फॉस्फेटिंगची, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून पत्र्यावर फॉस्फेटचा थर बसवायची. या टाकीतून पत्रा वर आला की त्याची चकाकी गेलेली असते. सगळा राखाडी, भुरका, पहाटे धुकं धरलेल्या काचेसारखा. त्यावरून नख ओढलं की पांढरी रेघ उठते. वीस वर्षं हा थर बघतोय आणि वीस वर्षं त्याला एकच शब्द वापरत आलोय: "फॉस्फेट बसलं."

गेल्या पावसाळ्यानंतर एका गिऱ्हाईकाचा माल परत आला. कोकणातल्या साइटवर लावलेल्या पेट्यांच्या रंगाखाली बारीक फोड आले होते. नुकसान मोठं होतं आणि कारण कळत नव्हतं. माझा भाचा भूविज्ञान शिकतो. तो म्हणाला, मामा, पत्र्याचे दोन तुकडे द्या, फॉस्फेट केलेले पण रंग न मारलेले. एक साधा सीआर पत्रा दिला, एक जस्त चढवलेला जीआय. त्याने ते त्यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या यंत्रात लावले. आठवड्याने फोन आला. सीआर पत्र्यावर बहुतेक फॉस्फोफायलाइट आणि थोडं होपाइट; जीआयवर नुसतं होपाइट.

ही दोन नावं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मग त्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. निळसर हिरवा, आरपार दिसणारा, विहिरीच्या तळाशी ऊन पोचावं तसा उजळलेला स्फटिक. खाली नाव होतं फॉस्फोफायलाइट, गाव पोटोसी, देश बोलिव्हिया. खनिजं जमवणारे लोक अशा एका तुकड्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात म्हणे.

तेव्हापासून मी याच्या मागे लागलोय. जे पक्कं समजलं ते इथे लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

हे जस्त आणि लोखंडाचं पाणीदार फॉस्फेट. जस्ताचे दोन भाग, लोखंडाचा एक, फॉस्फेटचे दोन गट आणि पाण्याचे चार रेणू. १९२० साली जर्मनीत बव्हेरियातल्या हागेनडॉर्फच्या खाणीतल्या नमुन्यांवरून याचं वर्णन झालं. नावातला 'फॉस्फो' फॉस्फेटचा आणि 'फायलाइट' पानासाठीच्या ग्रीक शब्दावरून, कारण हे एका दिशेने पानं सुटल्यासारखं सहज फुटतं. कठिनता ३ ते ३.५, म्हणजे नखाला दाद देत नाही पण चाकूने ओरखडतं. विशिष्ट गुरुत्व ३.१ च्या आसपास. चमक काचेसारखी. रंग बिनरंगापासून गडद निळसर हिरव्यापर्यंत.

सगळ्यात देखणे स्फटिक आले ते पोटोसीच्या सेरो रिको डोंगरातून, १९५० च्या दशकात. १५४५ पासून चांदीसाठी पोखरलेला हा डोंगर. त्याच्या पोटातल्या एका शिरेत हे जस्ताचं फॉस्फेट वाढून बसलं होतं.

आणि इकडे माझ्या टाकीत तेच दर पाळीला पत्र्यावर धरतं. चौरस मीटरला २ ते ३ ग्रॅम. हे कळल्यापासून टाकीवर उभा राहिलो की वेगळंच वाटतं.

---

अमळनेरना_पोऱ्या

भाऊ, तुना धागा वाचीसन भलतं बरं वाटनं. आपला एमआयडीसीतला माणूस असं लिहितो याचा आनंद वेगळाच.

एक शंका. टाकी एकच, रसायन एकच. मग साध्या पत्र्यावर एक खनिज आणि जीआयवर दुसरं, हे कसं?

---

तापीकाठ

हेच मला आधी कोड्यात टाकत होतं. उत्तर पत्र्यातच आहे.

टाकीत फॉस्फोरिक ॲसिड आणि त्यात विरघळलेलं जस्त असतं. पत्रा बुडाला की ॲसिड आधी पत्र्यालाच चावतं. बारीक बुडबुडे सुटतात, तो हायड्रोजन. त्यात आपण टोनर टाकतो, म्हणजे नायट्राइट, म्हणून बुडबुडे पत्र्याला चिकटून राहत नाहीत आणि काम लवकर होतं. पत्र्याला अगदी लागून असलेल्या पाण्यातलं ॲसिड असं खर्च झालं की तिथला आंबटपणा उतरतो, आणि विरघळलेलं फॉस्फेट तिथेच, पत्र्यावरच, स्फटिक होऊन बसतं. टाकीच्या मध्यावर नाही, पत्र्यावरच.

आता साध्या पत्र्यातून त्याच वेळी लोखंड सुटत असतं. ते स्फटिकात शिरतं आणि जस्त-लोखंडाचं फॉस्फोफायलाइट होतं. जीआयवर वरचा थरच जस्ताचा, लोखंड वर येतच नाही. म्हणून तिथे नुसत्या जस्ताचं होपाइट.

बुडवून केलेल्या कामात फॉस्फोफायलाइट जास्त बसतं, फवारून केलेल्यात कमी, कारण फवाऱ्यात सुटलेलं लोखंड लगेच धुऊन जातं. टाकीत जस्त जास्त झालं तरी होपाइटकडे झुकतं. मोटारगाड्यांच्या कारखान्यांत या दोघांचं प्रमाण क्ष-किरणांनी मोजतात आणि त्याला 'पी रेशो' म्हणतात. मी आजवर फक्त टोटल ॲसिड, फ्री ॲसिड आणि टोनरचे पॉइंट काढत होतो.

---

रसायन_ताई

मी धुळ्याला रसायनशास्त्र शिकवते. धागा वाचून राहवलं नाही, म्हणून वर्गीकरणाची बाजू लिहिते. ती या खनिजाच्या बाबतीत खरंच सुंदर आहे.

खनिजांचं वर्गीकरण करायच्या श्ट्रुन्त्झ पद्धतीत ८ वा वर्ग फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट यांचा. तिघं एकत्र, कारण तिघांतही मधला अणू चार ऑक्सिजनांच्या मधोमध बसतो आणि ते एकमेकांची जागा घेऊ शकतात. मग दोन प्रश्न विचारायचे. यात पाणी आहे का? आणि फॉस्फेटखेरीज दुसरा ऋण आयन आहे का, म्हणजे हायड्रॉक्सिल, फ्लोराइड असं काही? या दोन प्रश्नांच्या होय-नाहीतून चार घरं तयार होतात.

दोन्ही नाही, ते ८.ए. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं मोनाझाइट इथलं. पाणी नाही पण जादा आयन आहे, ते ८.बी. ॲपेटाइट इथलं, आणि आपली हाडं-दात त्याच्याच कुळातले. पाणी आहे, जादा आयन नाही, ते ८.सी. दोन्ही आहे, ते ८.डी, पिरोजा तिथला. फॉस्फोफायलाइट ८.सी मध्ये, पूर्ण क्रमांक ८.सीए.४०. शेजारीच ८.सीए.३० वर होपाइट. तापीकाठ भाऊंच्या टाकीत जे शेजारी बसतात, ते यादीतही शेजारी आहेत.

ही शेजारओळख नुसती यादीतली नाही. होपाइटच्या रचनेत जस्ताला बसायला दोन तऱ्हेच्या जागा असतात. एका जागी त्याच्याभोवती चार ऑक्सिजन, घट्ट. दुसऱ्या जागी सहा शेजारी, दोन ऑक्सिजन आणि चार पाण्याचे रेणू, म्हणजे जागा ऐसपैस. फॉस्फोफायलाइटमध्ये या ऐसपैस जागेवर जस्ताऐवजी लोखंड बसतं. घट्ट जागा जस्तानेच राखलेल्या. सूत्रात जस्त दोन आणि लोखंड एक, हे प्रमाण यातूनच येतं. ते वाटेल तसं मिसळलेलं नाही. लोखंडाच्या जागी थोडं मँगनीज चालतं.

एवढ्या बदलाने स्फटिकाची ठेवणही बदलते. होपाइट समचतुर्भुजी, म्हणजे स्फटिकाचे तिन्ही अक्ष एकमेकांना काटकोनात; फॉस्फोफायलाइट एकनत, म्हणजे एक अक्ष कललेला. आणि होपाइटचंच सूत्र असलेलं पॅराहोपाइट त्रिनत, तिन्ही अक्ष कललेले! नुसत्या सूत्रावरून खनिज ठरत नाही हे मुलांना सांगताना मी आता हेच उदाहरण घेणार आहे.

होपाइट हे नाव एडिनबरोचे रसायनज्ञ थॉमस चार्ल्स होप यांच्यावरून. स्ट्रॉन्शियमच्या शोधात ज्यांचं नाव घेतलं जातं तेच. होपाइटचे मोठे नमुने झांबियातल्या काब्वेचे, म्हणजे पूर्वीच्या ब्रोकन हिलचे. तिथल्या टेकडीतल्या गुहेत जनावरांच्या हाडांचा खच होता. हाडांतलं फॉस्फरस, खडकातलं शिसं-जस्त आणि झिरपणारं पाणी, यांतून जस्ताची फॉस्फेटं तयार झाली. १९२१ साली तिथेच आदिमानवाची ती प्रसिद्ध कवटी सापडली.

---

सावदेकर

ताई, एक विचारतो. आमच्या सावद्याच्या दगडखाणींतून काय काय निघतं ते जगभर जातं. ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट, पांढरं मऊ मॉर्डेनाइट. लहानपणी खाणीतून फुटक्या पोकळ्यांचे तुकडे आणून आम्ही घराच्या कट्ट्यावर मांडायचो. रात्री कंदिलाच्या उजेडात ॲपोफिलाइटचं टोक लखकन चमकायचं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. 'फायलाइट' आणि 'फिलाइट' एकाच पानावरचं दिसतंय. मग आमच्या खाणीत फॉस्फोफायलाइट मिळण्याची शक्यता किती?

---

रसायन_ताई

शब्द बरोबर पकडलात, दोन्हीत ग्रीक पानच आहे. ॲपोफिलाइट तापवलं की पापुद्रे सुटतात, म्हणून त्याला ते नाव. फॉस्फोफायलाइटला त्याच्या पाटनामुळे, म्हणजे ठरावीक दिशेने सहज फुटण्यामुळे.

पण सावद्याला ते मिळणार नाही, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. तुमच्या पोकळ्यांत जे येतं ते बेसाल्टमधून झिरपलेल्या गरम पाण्याने आणलेलं. त्या पाण्यात सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, सोडियम, पोटॅशियम. म्हणून झिओलाइट आणि त्यांचे सोबती, बहुतेक सिलिकेटं. बेसाल्टमध्ये फॉस्फरस असतं, पण ते ॲपेटाइटच्या सूक्ष्म सुयांत अडकलेलं. आणि जस्ताचं धातुक साचलेलं नाही.

फॉस्फोफायलाइटला जस्त, लोखंड आणि फॉस्फेट तिन्ही एका जागी, भरपूर आणि पाण्यात सुटी हवीत. हागेनडॉर्फला ग्रॅनाइटी पेग्मटाइट, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांचा खडक आहे. त्यात ट्रिफायलाइट नावाचं लोखंड-लिथियमचं फॉस्फेट होतं आणि सोबत स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचं सल्फाइड. दोन्ही कुजली, पाण्याने एकमेकांत मिसळली, तेव्हा हे बनलं. यातलं एकेक जिन्नस जगात पुष्कळ आहे, एकत्र येणं विरळा. टाकीवाले भाऊ ती भेट रोज ठरवून घडवून आणतात.

---

केळीबाग_रावेर

ही भेट आमच्याकडेही होते, पण आम्हाला ती नको असते.

ठिबकवाल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे: झिंक सल्फेट आणि १२:६१:०० हे अमोनियम फॉस्फेटचं खत एका टाकीत कालवायचं नाही. मी सुरुवातीच्या वर्षी कालवलं होतं. दहा मिनिटांत टाकीचं पाणी ताकासारखं झालं. फिल्टर उघडला तर जाळीवर पांढरा साका, बोटाला रवाळ लागत होता. ड्रिपरची भोकं बुजली ती वेगळीच, दोन दिवस नळ्या ॲसिडने धुण्यात गेले. दुकानदाराने एवढंच सांगितलं होतं की "फाटतं". आता कळलं की जस्त आणि फॉस्फेट एकमेकांना सोडत नाहीत.

जमिनीतही हेच होतं का? स्फुरद जास्त टाकलं की केळीच्या पानात जस्ताची कमतरता दिसते, असं कृषी सहायक सांगतात.

---

रसायन_ताई

टाकीतलं तर तेच, जस्त आणि फॉस्फेट यांची न विरघळणारी संयुगं. त्यातलं नेमकं कोणतं, हे खतात अमोनियम आहे की नाही यावरही ठरतं. जमिनीतला मामला जास्त गुंतागुंतीचा आहे. स्फुरद जास्त झालं की मुळांचं जस्त घेणं आणि पिकात ते वर चढणं यावरही परिणाम होतो. तेव्हा सगळा दोष साक्याला देता येणार नाही. पण सहायकांचा सल्ला बरोबर आहे, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी द्या.

---

सराफकट्टा

आमचं दुकान जळगावच्या सराफ बाजारात. गेल्या महिन्यात एक मुलगी ऑनलाइन घेतलेला निळसर हिरवा खडा घेऊन आली. 'फॉस्फोफायलाइट आहे, अंगठीत बसवून द्या.' मी तेव्हा नाव ऐकलं नव्हतं. खडा पोलॅरिस्कोपखाली, म्हणजे ध्रुवित प्रकाशात खडा तपासायच्या यंत्राखाली, फिरवला तर सबंध फेरीत अंधारच राहिला. म्हणजे काच, नाहीतर घनीय काहीतरी. एकनत स्फटिक फिरवताना उजेड-अंधार आलटून पालटून दिसायला हवा होता. तिला सांगितलं. बिचारी हिरमुसली. आज हा धागा वाचून वाटतं, खरा असता तरी अंगठीत बसवायला नकोच होता ना?

---

तापीकाठ

नकोच, दादा. कठिनता ३ ते ३.५ म्हणजे रोजच्या धुळीतल्या गारेचे (क्वार्ट्झचे) कणसुद्धा त्याला ओरखडतील, गारेची ७ आहे. वर एका दिशेने पान सुटावं तसं पाटन. काटा दाबताना तुमच्या हातातच तुकडे होतील. पैलू पाडलेले खडे आहेत जगात, पण ते डबीत ठेवून बघण्याचे. अपवर्तनांक, म्हणजे खडा प्रकाश किती वाकवतो त्याचा आकडा, १.६० ते १.६२ च्या दरम्यान असतो, पुढे कोणी आणला तर रिफ्रॅक्टोमीटरवर दोन आकडे येतात का तेही बघा. त्या मुलीला तुम्ही खरं सांगितलंत हे फार चांगलं केलंत.

---

दाताचा_डॉक्टर

थोडक्यात भर. कॅप बसवायला आम्ही झिंक फॉस्फेट सिमेंट वापरत आलोय. झिंक ऑक्साइडची पूड, फॉस्फोरिक ॲसिडचा द्रव. थंड काचेवर थोडं थोडं घोटायचं, कारण मिसळताना तापतं आणि घाई केली तर हातातच आवळतं. आवळलेलं सिमेंट बहुतांशी अस्फटिक असतं, पण ओलावा मिळाला की पृष्ठभागावर होपाइटचे स्फटिक येतात. नंदुरबारच्या माझ्या दवाखान्यात होपाइट आहे हे मलाही या धाग्यामुळे आठवलं.

---

खडक_निरीक्षक

धागा उत्तम. पण शीर्षकाला माझी हरकत आहे.

खनिज म्हणजे भूवैज्ञानिक क्रियेने तयार झालेला पदार्थ. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटना आज माणसाने कारखान्यात बनवलेल्या पदार्थाला खनिज म्हणून मान्यता देत नाही, मग त्याची रचना हुबेहूब का असेना. टाकीतला थर हा फॉस्फोफायलाइटच्या रचनेचा संश्लेषित पदार्थ. 'टाकीत भेटलेलं खनिज' म्हणणं चूक आहे.

दुसरं, तुमचे पत्रे पुढे भट्टीत जातात. तिथे १८०–२०० अंशांना चार पाण्यांपैकी काही रेणू उडतात. म्हणजे रंगाखाली जे राहतं ते सूत्राप्रमाणेही पूर्ण फॉस्फोफायलाइट नाही.

---

तापीकाठ

दोन्ही मुद्दे मान्य, सर. भट्टीचा तर माझ्या लक्षातच आला नव्हता. भाच्याला दिलेले तुकडे भट्टीआधीचे होते.

शीर्षक मात्र राहू द्यावं असं मनापासून वाटतं. मला ते टाकीतच भेटलं. टाकी नसती तर पोटोसीचं नाव माझ्या कानावर कधी आलं असतं? व्याख्येत आपण म्हणता तेच बरोबर, आणि वाचणाऱ्याला ते कळावं म्हणून आपला प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीला जोडायची विनंती संपादकांना केली आहे.

---

रसायन_ताई

निरीक्षक सरांशी सहमत, पण एक जोड. ही रेघ वाटते तितकी सरळ नाही. ग्रीसमध्ये लॉरियमला प्राचीन काळी चांदीच्या भट्ट्यांची मळी, म्हणजे धातू काढून उरलेला वितळलेला कचरा, समुद्रात टाकली. समुद्राच्या पाण्याने त्या मळीत नवे स्फटिक वाढवले आणि त्यातली काही खनिजं म्हणून नोंदली गेली. मळी माणसाची, स्फटिक समुद्राचे. आज नियम कडक झालेत, जुन्या नोंदी राहिल्या आहेत.

---

अमळनेरना_पोऱ्या

दिल्लीचा लोहस्तंभ गंजत नाही तो पण फॉस्फेटमुळेच ना?

---

रसायन_ताई

हो, आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर पुष्कळ काम केलं. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि पृष्ठभागावर लोखंडाच्या फॉस्फेटचा पातळ थर धरलाय. जस्त नाही, त्यामुळे फॉस्फोफायलाइट नाही. पण धातूने स्वतःच्याच अंगातून पांघरूण तयार करायचं, ही तऱ्हा तीच.

---

सावदेकर

आणि ते फोड? त्याचं काय झालं भाऊ? सगळे खनिजात रमले, माझा जीव त्या परत आलेल्या पेट्यांत अडकलाय.

---

तापीकाठ

सांगायचं राहूनच गेलं.

भाच्याच्या अहवालाने एक गोष्ट मिटली, साध्या पत्र्यावर थर चांगला होता. पत्र्यावर कुठे गंज सुरू झाला की रंगाखाली शेजारची जागा अल्कधर्मी होते आणि तिथे होपाइट लवकर हार मानतं, फॉस्फोफायलाइट जास्त टिकतं. आमच्या पत्र्यावर तर तेच जास्त होतं. मग चूक दुसरीकडे शोधली.

चूक निघाली शेवटच्या धुण्यात. उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी झालं म्हणून मी बोअरचं पाणी लावलं होतं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड, ते घरच्या पातेल्याच्या बुडावरचा पांढरा थर बघितला की कळतं. ते क्षार स्फटिकांच्या फटींत सुकून बसले, वरून रंग चढला. कोकणातल्या दमट हवेत ते रंगाआडून पाणी ओढत राहिले आणि फोड आले. आता शेवटचं धुणं क्षार काढलेल्या पाण्याने करतो. गिऱ्हाईकाचा माल पदरच्या पैशाने पुन्हा करून दिला. नव्या पेट्यांचे नमुने ओल्या फडक्यात गुंडाळून तीन आठवडे ठेवले होते, एकही फोड नाही.

भाच्याने जुना सूक्ष्मदर्शक आणून दिलाय. काल रात्रपाळी सुटल्यावर टाकीतून काढलेला ताजा तुकडा चारशेपट मोठा करून पाहिला. जो थर हाताला सपाट भुरका लागतो तो आत बारीक बारीक ठोकळ्यांनी गच्च भरलेला आहे, एकावर एक, आडवे-तिडवे, आणि दिव्याचा उजेड तिरपा केला की त्यातला एखादा क्षणभर लखलखतो. आमच्या टाकीवरचा मुलगा शेजारी उभा होता. त्याला डोळा लावायला दिला. बराच वेळ तो हललाच नाही, मग म्हणाला, "भाऊ, हे रोज आपणच करतो?"

फोटो काढायचा प्रयत्न चाललाय. नीट आला की इथेच टाकतो.